इंजिनिअरचं शिक्षण राजकीय पदावर नेमकं कुठे कामाला येतं?

तुळई (धागाकर्ती)

निवडणुका आल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं, राजकारणात शिकलेली माणसं यायला हवीत, आणि शिकलेली म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा इंजिनिअर नाहीतर डॉक्टर असतो. मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करते, ड्रॉइंगवर सही करते, त्यामुळे या विषयावर मनापासून बोलावंसं वाटतं. चार वर्षांचं कॉलेज आणि नंतरची नोकरी यातून आम्हाला असं काय मिळतं जे निवडून आलेल्या पदावर उपयोगी पडतं, आणि काय मिळतच नाही?

मिळतं त्यात पहिला नंबर मी देईन फॅक्टर ऑफ सेफ्टीला. स्टीलची ताकद चाचणीत जेवढी येते तेवढी धरून आम्ही कधी डिझाइन करत नाही, भार वाढवून धरतो, ताकद कमी करून धरतो, कारण साइटवर काँक्रीट कसं पडेल, माणसं किती येतील, वारा किती सुटेल याची पूर्ण खात्री कुणालाच नसते. म्हणजे आपल्याला सगळं माहीत नाही हे धरूनच आकडा काढायची सवय लागते. आता सरकारी योजना बघा, महसूल अंदाजाइतकाच येणार, काम ठरल्या वेळेतच होणार, सगळे पात्र लोक वेळेवर अर्ज करणार असं धरून मांडणी केलेली असते आणि मग एक गोष्ट घसरली की सगळंच कोलमडतं. ही एक सवय जरी विधिमंडळात गेली तरी फरक पडेल असं मला खरंच वाटतं.

दुसरं, जबाबदारी नावानिशी असते. कॅनडातला क्वेबेकचा पूल १९०७ मध्ये बांधकाम चालू असताना कोसळला, ७५ कामगार गेले, त्यानंतर रॉयल कमिशन बसलं आणि त्यांनी कोणत्या दोन इंजिनिअरांच्या निर्णयात चूक होती ते स्पष्ट लिहिलं. स्वतःचं वजनच कमी धरलं होतं पुलाचं. आमच्या क्षेत्रात अपघात झाला की असं खणून काढतात आणि कोड, म्हणजे डिझाइनचे लेखी नियम, बदलतात. धोरण फसलं तर एवढं खोल कोण खणतं?

आता मिळत नाही ते. मला काय बांधायचंय हे कुणीतरी येऊन सांगतं, किती मजले, किती बजेट, कुठली जागा. ते कसं उभं राहील हे मी बघते. पदावरच्या माणसाचं कामच वेगळं, काय करायचं आणि कुणासाठी करायचं आणि त्यासाठी कुणाचं नुकसान चालवून घ्यायचं हे ठरवणं, आणि त्याबद्दल आम्हाला एक लेक्चरसुद्धा नसतं.

उदाहरण म्हणून हर्बर्ट हूव्हर. स्टॅनफर्डच्या पहिल्याच बॅचचा, भूगर्भशास्त्र शिकलेला खाण इंजिनिअर, ऑस्ट्रेलिया आणि चीनमध्ये खाणी चालवल्या, पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांना धान्य पोचवायची अवाढव्य यंत्रणा उभी केली, १९२७ ला मिसिसिपीच्या पुरात मदतकार्य सांभाळलं. काम करून दाखवणारा माणूस म्हणून १९२८ ला अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि त्याआधी एकाही पदावर लोकांमधून निवडून आलेला नव्हता. मग महामंदी आली. १९३२ च्या निवडणुकीत ५९ विरुद्ध ४७२ इलेक्टोरल मतांनी हरला. त्याची हुशारी तर कुठे गेली नव्हती, मग कमी काय पडलं? सगळ्यांची मतं वाचायला आवडतील.

सर्किट

ताई, धागा मस्तच, पण मला वाटतं तुम्ही आपल्या शिक्षणाला फार कमी लेखताय. हूव्हरच्या वेळी मंदी जगभर होती, कुणीही खुर्चीवर असता तरी हरला असता. (आयातीवर जकात वाढवणाऱ्या कायद्यावर त्यानं १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांचा लेखी विरोध असताना सही केली हे मान्य, पण तो निर्णय इंजिनिअर म्हणून घेतलेला नव्हता, पक्षाचा होता.)

मी कंट्रोल सिस्टिम्समध्ये आहे. आमच्याकडे पहिल्यांदा शिकवतात ते म्हणजे मोजल्याशिवाय सुधारता येत नाही, आउटपुट मोजा, हवं होतं त्याच्याशी ताडून बघा, फरकाप्रमाणे इनपुट बदला. आणि दुसरं फार महत्त्वाचं म्हणजे डिले. मोजमाप उशिरा येत असेल आणि तुम्ही मात्र जोरजोरात दुरुस्त्या करत राहिलात तर सिस्टिम स्थिर व्हायच्या ऐवजी हेलकावे खायला लागते. आता शिक्षणाचं धोरण घ्या, पहिलीत बदल केला तर त्याचा खरा परिणाम दिसायला दहा वर्षं लागणार, आणि आपण दोन दोन वर्षांनी सगळं उलटंपालटं करतो. ज्याला हे गणितातून कळलंय तो मंत्री घाई करणार नाही.

चीनचं उदाहरण मुद्दाम देतो. २००२ मध्ये त्यांच्या पॉलिटब्युरो स्टँडिंग कमिटीचे (सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची सगळ्यात वरची समिती) नऊच्या नऊ सदस्य तांत्रिक शिक्षण घेतलेले होते, हू जिंताओ जलविद्युतचे, वेन जियाबाओ भूगर्भाचे, त्यांच्या आधीचे जियांग झेमिन इलेक्ट्रिकलचे. त्या काळात त्या देशानं जे उभं केलं ते सगळ्या जगानं बघितलंय. इंजिनिअरांच्या हातात देश दिला तर काय होतं याचा एवढा मोठा पुरावा दुसरा कुठला असणार?

निळीशाई

वकिली करते, त्यामुळे पलीकडच्या बाजूनं लिहिते, राग मानू नका.

विधिमंडळाच्या सदस्याचं मूळ काम कायदा करणं आहे, रस्ता करणं नाही, हे आपण सगळेच विसरतो. आणि कायद्याचा माल म्हणजे माणसं. तुळईताई, तुमचं स्टील कोड वाचत नाही. तुम्ही काय डिझाइन केलंय ते बघून ते आपलं वागणं बदलत नाही. माणूस बदलतो. इंग्लंडमध्ये १६९६ ला घराच्या खिडक्या मोजून कर लावला, कल्पना मोजमापाच्या दृष्टीनं फार नीटनेटकी होती, बाहेरून मोजता येतं, श्रीमंताच्या घराला खिडक्या जास्त, वाद नाही. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. तो कर १८५१ पर्यंत चालला आणि दीडशे वर्षं लोक अंधारात आणि कोंदट हवेत राहिले. कायद्याच्या शिक्षणात आम्हाला पहिल्या दिवसापासून हा विचार करायला लावतात की हे कलम चुकवायला बसलेला हुशार माणूस ते कसं वाचेल. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात असा समोरून उलट चाल करणारा कुणी नसतोच (सायबर सिक्युरिटीवाल्यांकडे असतो, ते सोडून).

दुसरं, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता येणं. आम्हाला कोर्टात ते रोजच करावं लागतं. माझ्या ओळखीतले बरेच इंजिनिअर विरोधी मत ऐकलं की त्याला गैरसमज समजतात, समजावून सांगितलं की जाईल असं त्यांना वाटतं. पण धरणाखाली ज्याची जमीन जाते त्याचा गैरसमज झालेला नसतो हो, त्याला सगळं नीट कळलेलं असतं.

गणिती

सर्किट, तुमच्या चीनच्या उदाहरणाला तिथलंच उदाहरण देतो, आणि तेही तुमच्याच विषयातलं.

सोंग जियान हे क्षेपणास्त्रांच्या कार्यक्रमात काम केलेले कंट्रोल थिअरीचे मोठे तज्ज्ञ. १९७९-८० च्या सुमाराला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसंख्येला एक सिस्टिम मानून समीकरणं मांडली, जन्मदर हा इनपुट, आणि शंभर वर्षांचे आलेख काढले. नेत्यांवर त्या आलेखांचा फार प्रभाव पडला, एका कुटुंबाला एकच मूल हे धोरण ठरण्यात त्या कामाचा मोठा वाटा होता. समीकरणं बरोबर होती. पण मुलगाच हवा हा हट्ट समीकरणात नव्हता, सक्तीनं ऑपरेशन केलेली बाई समीकरणात नव्हती, म्हातारपणी एकट्या मुलावर दोन आईबाप आणि चार आजीआजोबा हे ओझं कुणी उचलायचं हेही नव्हतं. पुढे जन्मणाऱ्या शंभर मुलींमागे ११५ हून जास्त मुलगे अशी वेळ आली. धोरण मागे घ्यायचं ठरलं २०१५ मध्ये. म्हणजे तुम्ही म्हणता तो डिले पस्तीस वर्षांचा निघाला, आणि तो सुद्धा ज्यांना डिलेचं गणित सगळ्यात चांगलं येतं त्यांच्या बाबतीत.

याचं कारण मला असं दिसतं की फीडबॅक फक्त आकड्यांतून येत नाही, तो माणसांच्या तक्रारीतून, मोर्च्यातून, मतपेटीतून येतो, आणि तिथे ते रस्ते बंद होते.

आणखी एक गोष्ट आपल्या शिक्षणात शिकवायला हवी असं मला फार वाटतं. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञानं १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील आणि प्रत्येकानं आपापला पसंतीक्रम दिला असेल, तर त्या सगळ्यांतून समाजाचा एकच पसंतीक्रम काढायची अशी कुठलीही पद्धत नाही जी मोजक्या साध्या न्याय्य अटी एकदम पाळेल. मत कुणी मांडलं नाही, सिद्धता आहे. आपण इंजिनिअर लोक ऑप्टिमम, म्हणजे सगळ्यात चांगलं उत्तर, शोधायला शिकलेलो असतो, आणि सगळा समाज धरला तर ज्याचा ऑप्टिमम काढायचा ते फंक्शनच, म्हणजे चांगलं कशाला म्हणायचं तेच, आधी कुणीतरी निवडावं लागतं. ती निवड म्हणजेच राजकारण.

सर्किट

सोंग जियानबद्दल वाचलं नव्हतं, शोधून वाचतो. पण मग प्रश्न मॉडेलचा नाही ना, मॉडेलला विरोध करायची सोय नव्हती त्याचा आहे. लोकशाही असलेल्या देशात इंजिनिअर पदावर आला तर दोन्ही मिळतील असंच मला म्हणायचंय.

जुनाखांब

सिव्हिलचा डिप्लोमा, काही वर्षं साइटवर, नंतर स्थानिक स्वराज्य संस्थेत निवडून आलो होतो, आता बाहेर आहे. जे पाहिलं ते लिहितो, लांबेल.

डिप्लोमाचा सगळ्यात जास्त फायदा कुठे झाला तर एस्टिमेट वाचण्यात. सभेपुढे विषय येतो तेव्हा एक पानाची टिपणी असते आणि मागे जाडजूड जोडपत्र, बहुतेक सदस्य टिपणी वाचतात आणि हात वर करतात. मी खोदाईचं परिमाण बघायचो, रस्त्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी कागदावरच करून बघायचो, मुरूम किती लांबून आणायचा दाखवलाय ते बघायचो, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) मागवायचो. नुसतं मेजरमेंट बुक बघायला आणा म्हटलं की पुढच्या बिलाचे आकडे सरळ यायला लागतात, हा माझा अनुभव आहे. कागद ज्याला वाचता येतो त्याला गुंडाळता येत नाही, एवढं बळ या शिक्षणातून नक्की मिळतं.

आणि दुरुस्ती देखभाल. नवीन टाकी, नवीन पूल, नवीन इमारत याला पैसे मिळतात कारण त्याचं उद्घाटन होतं. पाइपलाइनचे व्हॉल्व्ह बदलणे, पंपाचं ओव्हरहॉल, गटार साफ ठेवणे याला उद्घाटन नाही, तो खर्च महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चाच्या, बाजूला पडतो आणि कपात आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. ज्यानं पंप चालवलाय त्याला माहीत असतं की आज ग्रीसिंगचे पैसे वाचवले तर उद्या बेअरिंग जाणार आणि परवा मोटर. हे सभागृहात उभं राहून पुन्हा पुन्हा सांगणारा एक तरी माणूस लागतोच, आणि तो आपल्यातला असला तर बरं.

पण तोटाही तितकाच पाहिलाय. इंजिनिअर निवडून आला की त्याला खात्यातल्या इंजिनिअरचं काम करावंसं वाटायला लागतं. एक सहकारी सदस्य होते, हुशार, सरळ माणूस, ते साइटवर जाऊन सळईचं अंतर मोजायचे, सुपरवायझरला सूचना द्यायचे. परिणाम काय झाला, खात्याच्या लोकांनी जबाबदारी सोडून दिली, साहेबांनी सांगितलं तसं केलं म्हणायला मोकळे. आणि तिकडे दर आठवड्याला भेटायला येणारे लोक ताटकळत राहायचे. सदस्याचं काम सळई मोजणं नाही, मोजणाऱ्याला विचारणं आहे. पद मिळाल्यावर आपल्या धंद्यातलं जे हातखंडा काम असतं तेच सोडायला लागतं, आणि ते फार अवघड जातं.

निळीशाईताईंचं जमिनीबद्दलचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. एक पाण्याची लाइन कुठून न्यायची यावर वाद होता, लेव्हल घेतल्या (जमिनीचा चढउतार मोजला), सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग स्पष्ट होता आणि तरी लोक अडून बसले. बसून बोलल्यावर कळलं की त्या मार्गानं गेलं तर वरच्या वस्तीला पाणी पहिलं मिळणार होतं आणि खालच्यांना शेवटी, आणि खालच्या वस्तीला हे पिढ्यानपिढ्या प्रत्येक बाबतीत सोसावं लागलेलं. खर्च जास्त झाला, लाइन दुसरीकडून गेली. लेव्हल मोजायच्या पट्टीवर हे कुठेच वाचायला मिळालं नसतं.

लाटा

जुनाखांब काका, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. तुमच्या सळई मोजण्याच्या मुद्द्यावरूनच पुढे लिहितोय, मी प्लांटमध्ये सेफ्टीत आहे.

दोन अणुअपघात आणि दोन पदाधिकारी. १९७९ च्या २८ मार्चला अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अपघात झाला तेव्हा जिमी कार्टर अध्यक्ष होते. नेव्हल अकॅडमीतून १९४६ ला बाहेर पडलेले, नौदलाच्या अणुपाणबुडी कार्यक्रमात काम केलेले, १९५२ मध्ये कॅनडाच्या चॉक रिव्हरच्या रिॲक्टरमध्ये अपघात झाला तेव्हा तिथे सफाईच्या कामाला गेलेले. म्हणजे त्यांच्याइतका विषय कळणारा अध्यक्ष मिळणं अवघड. १ एप्रिलला ते पत्नीला घेऊन त्या प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन उभे राहिले. आत्ता आत जाणं सुरक्षित आहे की नाही हे त्यांना स्वतःला समजत होतं, आणि लोकांना धीर आला तो त्यामुळेच. पुढे त्यांनी चौकशी आयोग नेमला आणि आयोगानं यंत्रापेक्षा माणसं, प्रशिक्षण आणि संस्था यांच्यातच मुख्य दोष दाखवला.

२०११ मध्ये फुकुशिमा. जपानचे पंतप्रधान नाओतो कान, टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अप्लाइड फिजिक्स शिकलेले. १२ मार्चला सकाळी सकाळी ते हेलिकॉप्टरनं थेट प्रकल्पावर गेले. तिथले लोक जीव मुठीत धरून वाफ बाहेर सोडायच्या तयारीत होते, आणि अशा वेळी प्रमुखाला पंतप्रधानांना माहिती द्यायला वेळ काढावा लागला, याबद्दल नंतर खूप टीका झाली, चौकशी समित्यांनीही तपशिलात शिरण्याबद्दल बोट ठेवलं. पण त्याच कान यांनी १५ मार्चला पहाटे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयात जाऊन प्रकल्प सोडून जाता येणार नाही असं बजावलं, आणि माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय होता. त्यात फिजिक्सचा भाग होताच, सोडला तर काय होईल हे त्यांना कळत होतं, पण माणसांना तिथे थांबा म्हणायचं ओझं घेणं हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

म्हणून मला वाटतं विषय कळण्याचा उपयोग नेमका प्रश्न विचारायला आणि कोण थापा मारतंय ते ओळखायला होतो. व्हॉल्व्ह फिरवायला हात घातला की बिघडतं.

प्रश्नचिन्ह

एक शंका. एवढं सगळं आहे तर उमेदवाराला किमान पदवीची अट का नको? राजेंद्र प्रसादांनीसुद्धा २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना विधिमंडळाच्या सदस्यांसाठी पात्रता घालता आली नाही याची खंत व्यक्त केली होती.

निळीशाई

प्रश्नचिन्ह, अट घालून बघितलीय. पाकिस्ताननं २००२ मध्ये संसदेच्या उमेदवाराला पदवी सक्तीची केली. देशातले बहुसंख्य लोक एका फटक्यात उमेदवारीतून बाद. नंतर खोट्या पदव्यांची प्रकरणं निघाली ती वेगळीच. २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ती अट रद्द केली.

माझं म्हणणं असं की मतदार हाच नेमणूक करणारा आहे, तो पदवी बघून मत देऊ शकतो, त्याला कुणी अडवलेलं नाही. पण कुणाला निवडायचं नाही हे आधीच ठरवून ठेवलं तर जुनाखांब काकांच्या खालच्या वस्तीतून कुणीच सभागृहात पोचणार नाही, आणि मग कमी खर्चाची लाइन बिनविरोध मंजूर होईल.

अवांतर: तुर्कस्तानचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देते. नेजमेत्तिन एर्बाकान, सुलेमान देमिरेल, तुर्गुत ओझाल. तिघेही इस्तंबूल टेक्निकल युनिव्हर्सिटीचे, तिघेही साधारण एकाच काळातले, १९४८ ते ५० मध्ये बाहेर पडलेले, एक मेकॅनिकल, एक सिव्हिल, एक इलेक्ट्रिकल. तिघेही पंतप्रधान झाले. आणि तिघांची राजकारणं तीन दिशांना. एर्बाकान धर्माधारित राजकारणाचे, देमिरेल धरणं बांधणारे, ग्रामीण मतदारांवर उभे राहिलेले, ओझाल बाजारपेठ खुली करणारे. एकच कॉलेज, तेच गणित, तेच प्रोफेसर असतील. मग शिक्षणानं नक्की काय घडवलं म्हणायचं?

गणिती

+१. तुर्कस्तानचं उदाहरण फार बोलकं आहे. पदवीवरून माणसाची काम करायची पद्धत कदाचित सांगता येईल, त्याची बाजू सांगता येत नाही.

तुळई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके भरलेले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

निळीशाई, तुमच्या प्रश्नावर विचार करताना मला विश्वेश्वरय्या आठवले, आणि हे लिहिताना जरा जड जातंय कारण आम्हा सगळ्यांसाठी ते दैवत आहेत. पुण्यात शिकले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचे, १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादची पूरनियंत्रण योजना त्यांची. १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण. त्या सहा वर्षांत प्राथमिक शिक्षण, बँक, १९१६ ला विद्यापीठ, कृष्णराजसागर धरणाचं काम, एका माणसानं एवढं उभं केलं हे वाचून आजही ऊर भरून येतो. इंजिनिअरचं शिक्षण पदावर किती मोठं काम करू शकतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण त्यांनी दिवाणपद सोडलं ते कशावरून? तिथे ब्राह्मणेतर समाजांची मागणी होती की सरकारी नोकऱ्यांत आम्हाला वाटा हवा, कारण जवळजवळ सगळ्या जागा एकाच समाजाकडे होत्या. महाराजांनी १९१८ मध्ये लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचं मत होतं की निवड गुणवत्तेवरच व्हावी, नाहीतर कारभाराची कार्यक्षमता घसरेल. त्या मतभेदातून ते बाहेर पडले. मला त्यांच्या हेतूबद्दल तिळमात्र शंका नाही. पण कार्यक्षमता ही एकच मोजपट्टी धरली तर कोण आत आहे आणि कोण बाहेर राहिलंय हे मोजलंच जात नाही, आणि महाराजांना, जे इंजिनिअर नव्हते, त्यांना ते दिसलं. माझ्या मते त्या वादात महाराज बरोबर होते. आणि मी त्या जागी असते तर आमच्या शिक्षणानं मलाही विश्वेश्वरय्यांच्याच बाजूला उभं केलं असतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणूनच हा प्रश्न मला इतका लागतो.

आणि हो, ते नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते. हूव्हर थेट सर्वोच्च पदावर निवडून आला. श्रीधरन घ्या, कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभी करणारा माणूस, २०२१ मध्ये केरळात पालक्काडमधून विधानसभेला उभे राहिले आणि चार हजारांच्या आतल्या फरकानं हरले, आयुष्यातली पहिलीच निवडणूक. याउलट कार्टर आधी शाळा मंडळावर, मग राज्याच्या सिनेटमध्ये, मग गव्हर्नरची एक निवडणूक हरले, मग १९७० ला जिंकले. मेक्सिकोच्या क्लाउडिया शेनबाउम बघा, ऊर्जा अभियांत्रिकीत पीएचडी, राजधानीच्या पर्यावरण खात्यात काम, मग २०१५ ला शहराच्या एका विभागाच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या, २०१८ ला पूर्ण शहराच्या, २०२४ ला राष्ट्राध्यक्ष. मला जे कॉलेजात मिळालं नाही म्हणते ते या खालच्या पायऱ्यांवर मिळतं असं दिसतंय.

सर्किट

ताई, पण कार्टरही एकाच टर्ममध्ये गेले ना. आणि १९७७ मध्ये आल्या आल्या त्यांनी धरणांची यादी काढली, खर्चाच्या मानानं फायदा नाही म्हणून पैसे थांबवायचे ठरवले, इंजिनिअर म्हणून त्यांचं गणित पक्कं होतं. काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले, त्यांच्याच पक्षाचे लोक खवळले आणि पुढे प्रत्येक विधेयकाला त्याचा त्रास झाला. खालच्या पायऱ्या चढूनसुद्धा असं झालं.

लाटा

बरोबर, पण त्यांचंच दुसरं टोक बघा. १९७८ ची कॅम्प डेव्हिडची शांतता बोलणी. तेरा दिवस इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्यामध्ये येरझाऱ्या, दोघं समोरासमोर आले की भांडण व्हायचं म्हणून वेगवेगळं बोलायचं, सिनाईच्या प्रस्तावाचा मसुदा कार्टरनी स्वतः हातानं लिहिला, नकाशे घेऊन बसले. तपशिलात शिरायची सवय तिथे कामाला आली कारण समोर दोन माणसांचं मन वळवायचं होतं आणि कुठे कोण किती हलेल हे एकेका कलमानं तपासायचं होतं. धरणांच्या वेळी यादी आधी जाहीर झाली आणि बोलणं नंतर सुरू झालं. सवय तीच, आधी माणसांशी बोलले की नाही एवढाच फरक मला तरी दिसतो.

प्रश्नचिन्ह

हा फरक पटला.

सर्किट

मलाही. तर मग जुनाखांब काका, मला खरंच यात उतरायचंय, आत्ता नाही पण पाच-सात वर्षांत. नोकरी सांभाळून आत्तापासून काय करू?

जुनाखांब

सर्किट, चांगलं मनात घेतलंयस, नक्की कर.

तुझ्या भागातल्या स्थानिक संस्थेचा अर्थसंकल्प मिळव आणि भांडवली सोडून महसुली बाजू आधी वाच, किती पगारात जातात, किती विजेत, किती देखभालीला उरतात. सोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाच, त्यात तेच तेच आक्षेप दर वर्षी दिसतील, त्यातला एक धर आणि तो सुटेपर्यंत पाठपुरावा कर, अर्ज, स्मरणपत्र, सुनावणी सगळं. फाइल कुठे अडते हे त्यातूनच कळतं. सभेचे कामकाजाचे नियम पाठ कर, उपसूचना कधी देता येते, विषय पटलावर कसा येतो, हे ज्याला येत नाही तो कितीही हुशार असला तरी गप्प बसवला जातो. नियम समजले नाहीत तर निळीशाईताईंसारख्या कुणाला तरी गाठ.

आणि आठवड्यातून एक संध्याकाळ लोकांच्या कामासाठी दे, रेशन कार्ड, दाखले, पेन्शनचे फॉर्म, जे येईल ते. तिथे उपाय सांगायची घाई करू नकोस, आपल्याला ती सवय असते. माणूस काय म्हणतोय ते पूर्ण ऐक, लिहून घे, आणि एका कामामुळे दुसऱ्या कुणाचं अडणार आहे का ते विचार. पहिली निवडणूक लढवशील ती छोट्यातली छोटी लढव, सोसायटीची असली तरी चालेल, पण मतदान होऊ दे, बिनविरोध नको. मतमोजणीला स्वतः बस आणि कुठल्या गल्लीनं मत दिलं नाही ते बघून दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत जा.

निळीशाई

सर्किट, नियमांच्या पुस्तकाचं मी बघते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.